सत्तावन्न जणांत तिघी



आज एका फोटोविषयी बोलणार आहे. रेडिओवर फोटो दाखवता येत नाही, म्हणून आधी तो सांगते. हातातलं काम चालू ठेवा, फक्त डोळ्यांपुढे आणा.

मोठ्या शहरातली एक गल्ली. भिंतीला भिंत लागून जुनी, उंच घरं. मधल्या घराच्या दारापर्यंत दगडी पायऱ्या चढत जातात. सकाळची वेळ, लख्ख उजेड. त्या पायऱ्यांवर, त्यांच्या दोन्ही अंगांना आणि खाली फुटपाथवर माणसं उभी आहेत. बरेचसे पुरुष कोट-टायमध्ये, कुणी हॅट घातलेली, कुणी शेजारच्याशी बोलतोय, कुणी हसतोय. सगळे मिळून सत्तावन्न. पुढे रस्त्याच्या कडेला गल्लीतली डझनभर पोरं ओळीनं बसलीत, आणि त्यांच्याच रांगेत एक मोठा माणूसही टेकलाय.

हा फोटो १२ ऑगस्ट १९५८ ला अमेरिकेत, न्यूयॉर्क शहरातल्या हार्लेम वस्तीत काढला. पूर्व १२६ वी गल्ली, घर नंबर १७. फोटोतले सगळे वाजवणारे आणि गाणारे. त्यांचं संगीत म्हणजे जॅझ.

जॅझ म्हणजे काय ते दोन वाक्यांत सांगते. आफ्रिकेतून गुलाम करून अमेरिकेत नेलेल्या लोकांच्या लेकरा-नातवंडांनी ते घडवलं. आपल्याकडच्या लग्नाच्या बँडमध्ये दिसतात तीच वाद्यं, ट्रम्पेट, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन, ड्रम, पण वाजवणारा ठरलेल्या चालीत स्वतःची भर घालत जातो, आपल्याकडे गवई आलाप घेतो तसा. तुम्ही ते ऐकलेलं आहे बरं का. भगवानदादांचा १९५१ चा 'अलबेला' आठवा. आपल्या नगर जिल्ह्यातल्या सी. रामचंद्रांनी त्याला संगीत दिलं, आणि त्यात ट्रम्पेट घुमवणारा चिक चॉकलेट हा गोव्याचा, मुंबईतल्या हॉटेलांत जॅझ वाजवून नाव केलेला माणूस. गाणी घराघरांत गेली, पण अशा वाजवणाऱ्यांची नावं पडद्यावर येत नसत.

तुम्ही म्हणाल, हार्लेमच्या फोटोचं आपल्याला काय? मैत्रिणींनो, फोटो आपलेही निघतात. कर्जाचा धनादेश मिळाला की फोटो, प्रशिक्षण संपलं की फोटो, पापड-लोणच्याचा स्टॉल लागला की फोटो. माझ्या मोबाइलमध्ये शेकड्यांनी आहेत, कारण अहवालाला जोडावे लागतात. बहुतेक फोटोंत मधोमध पाहुणे. आपण कडेला, नाहीतर खाली सतरंजीवर. खाली छापलेली ओळ वाचा: पाहुण्यांची नावं हुद्द्यासकट, आणि आपण दहाजणी मिळून एकच शब्द, 'महिला'. ज्याला आपलं गाव माहीत नाही, पासबुक माहीत नाही, तो त्या एका चित्रावरून ठरवतो की या कोण आणि यांना काय येतं. म्हणून हार्लेमचा फोटो मला महत्त्वाचा वाटतो. तिथेही प्रश्न हाच होता.

त्याच्या आधी काय चालत असे ते पाहू. शिकागो शहरातून १९३४ पासून 'डाउनबीट' नावाचं संगीताचं मासिक निघत होतं. वाजवणारे लोक ते आवडीनं वाचत. फेब्रुवारी १९३८ च्या अंकात त्यात एक लेख आला. मथळाच असा की बाया वाजवण्यात कमी का असतात. लिहिणाऱ्यानं आपलं नाव दिलं नव्हतं. बायांचं मन थाऱ्यावर नसतं, म्हणून त्यांच्या वाजवण्याचा भरवसा नाही, असा त्याचा सूर. लॉस एंजेलिस शहरात पेगी गिल्बर्ट नावाची बाई होती. ती सॅक्सोफोन वाजवायची, बायांचा बँड चालवायची. तिनं उत्तर लिहून पाठवलं. तिचं म्हणणं साधं होतं. आम्हाला कामावर घेताना वाजवणं ऐकतच नाहीत, रूप बघतात. आणि वर सांगतात, वाजवताना हसत राहा. तोंडात वाद्य धरून हसायचं कसं? एप्रिलच्या अंकात तिचं उत्तर छापलं, पण संपादकांनी त्यावर आपल्या मनानं असा चावट मथळा घातला की तो मी इथे बोलू शकत नाही. शहाणपणाचं बोलली तरी वर थट्टेची टोपी! (पेगीबाई पुढे १०२ वर्षं जगल्या आणि म्हातारपणीही बायांचा बँड चालवत होत्या.)

अशा मासिकांत गाणाऱ्या बाईला 'कॅनरी' म्हणायची रीत होती. कॅनरी म्हणजे पिंजऱ्यात पाळायचा पिवळा पक्षी. बँडचे पुरुष 'वादक', आणि पुढे उभी राहून गाणारी ती पाखरू. फोटोही त्याला साजेसे: झुळझुळीत झगा, खांदा वळवलेला, ओठांवर हसू.

बायांचे पूर्ण बँडही होते. मिसिसिपी राज्यात पाइनी वुड्स नावाची शाळा होती, गरीब कृष्णवर्णीय मुलांसाठी. तिथल्या मुलींचा बँड १९३० च्या दशकाच्या शेवटी उभा राहिला, इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ रिदम. गावोगाव वाजवून या मुली शाळेसाठी पैसा गोळा करत. १९४१ मध्ये त्या शाळेपासून वेगळ्या झाल्या आणि देशभर नाव केलं. त्यांच्यात कृष्णवर्णीय होत्या, चिनी आणि मेक्सिकन बापाच्या लेकी होत्या, पुढे काही गोऱ्याही आल्या. अमेरिकेच्या दक्षिण भागात तेव्हा गोऱ्यांचे नळ वेगळे, डबे वेगळे, शाळा वेगळ्या, हॉटेलं वेगळी. म्हणजे काय, ते आपल्याला समजावून सांगायला नको. गोरी आणि काळी बाई एका बसमध्ये राहते हाच गुन्हा. म्हणून सगळ्याजणी बसमध्येच झोपत, आणि पोलिसांनी पकडू नये म्हणून गोऱ्या मुली तोंडाला गडद रंग लावत. त्यांचे जाहिरातीचे फोटो बघितले तर यातलं काही दिसत नाही. एकसारखे झगे, एकसारखं हसू.

पुरुषांचं चित्रही सुटलेलं नव्हतं. जॅझवाल्याचा फोटो म्हणजे रात्र, दारूचा अड्डा, सिगारेटचा धूर, घामेजलेला चेहरा. फोटो सुंदर असत, नाही म्हणत नाही. पण तेवढंच सारखं बघितलं की लोकांना वाटायला लागतं, ही माणसं दिवसा नसतातच. यांना घर नाही, गल्ली नाही, शेजारी नाहीत. आणि सरकारही तसंच वागत होतं. न्यूयॉर्कमध्ये १९४० पासून नियम होता की जिथे दारू विकली जाते तिथे वाजवायचं, गायचं असेल तर पोलिसांचं कार्ड हवं. बोटांचे ठसे देऊन ते काढायचं, आणि एखादा खटला झाला की ते जायचं. बिली हॉलिडे ही केवढी मोठी गायिका, तिचं कार्ड १९४७ मध्ये गेलं. पियानो वाजवणारा थेलोनियस मंक, त्याचं १९५१ मध्ये गेलं ते १९५७ मध्ये परत मिळालं. सहा वर्षं स्वतःच्या शहरातल्या क्लबात त्याला वाजवता येईना.

आता १९५८. 'एस्क्वायर' नावाचं पुरुषांचं मासिक होतं. त्याला जॅझवर खास अंक काढायचा होता. आर्ट केन हा ३३ वर्षांचा गोरा तरुण मुलींच्या एका मासिकात चित्रांची मांडणी बघायचा. छायाचित्रकार म्हणून नाव नव्हतं, स्टुडिओ नव्हता. त्यानं सुचवलं की जमतील तेवढ्या सगळ्या वादकांना एकत्र आणून हार्लेममध्येच, गल्लीत, दिवसा फोटो काढू. सांगावे गेले. वेळ सकाळी दहाची. रात्री चारला घरी येणाऱ्या माणसांना सकाळी दहा! येतील का, याची केनलाच खात्री नव्हती.

आले. सत्तर पार केलेला लकी रॉबर्ट्स आला, सत्तावीस वर्षांचा सनी रोलिन्स आला. कित्येकांची वर्षानुवर्षं गाठ पडली नव्हती. गळाभेटी चालल्या, रांगेत कुणी उभंच राहीना. गाव जमलं की पंगतीला बसवताना जे होतं तेच. काउंट बेसी हा मोठ्या बँडचा मालक, उभा राहून दमला आणि पोरांच्या शेजारी रस्त्याच्या कडेला बसला. तोच तो मोठा माणूस. विली स्मिथ नावाचा म्हातारा पियानोवाला कंटाळून बाजूच्या पायऱ्यांवर जाऊन टेकला आणि नेमका तेव्हाच काढलेला फोटो छापला गेला. आला असूनही तो फोटोत नाही.

हा फोटो नीट बघा. एकाच्याही हातात वाजवण्याच्या पवित्र्यात धरलेलं वाद्य नाही. धूर नाही. दारू नाही. सकाळ आहे, घराच्या पायऱ्या आहेत, शेजारची पोरं आहेत. रात्रीची म्हणून ओळखली जाणारी माणसं आपल्या वस्तीत, उजेडात, एकमेकांबरोबर. माझ्या मते या फोटोचं मोठेपण एवढ्यातच आहे, बाकी तो आपल्या गटाच्या फोटोसारखाच साधा आहे.

आणि आता तिघी. सत्तावन्नांत बाया तीनच.

पहिली मॅक्सीन सलिव्हन, गायिका. १९३७ मध्ये तिचं गाणं देशभर गाजलं होतं. पण या फोटोच्या सुमारास तिनं गाणं बाजूला ठेवून नर्सचं काम धरलं होतं. काही वर्षांनी ती परत गाण्याकडे वळली.

दुसरी मेरी लू विल्यम्स. ही माझी आवडती. १९१० चा जन्म. लहानपणीच पियानो शिकली, विशीत एका मोठ्या बँडसाठी रचना लिहायला लागली. लक्षात घ्या, नुसतं वाजवत नव्हती. कुणी काय आणि कधी वाजवायचं, ते सगळं कागदावर लिहून द्यायची. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन अशा बड्या लोकांनी तिच्या रचना घेतल्या. हार्लेममधल्या तिच्या घरी रात्री मैफल संपली की तरुण वादक जमत, तिच्याकडून शिकत. त्यात मंक होता, डिझी गिलेस्पी होता. फोटोत हे दोघंही आहेत. म्हणजे तिथे पुरुषांच्या घोळक्यात जी बाई उभी दिसते, ती त्यातल्या काहींची गुरू आहे. फोटो हे सांगत नाही. फोटोला तोंड नसतं, सोबत कुणीतरी सांगावं लागतं.

तिसरी मॅरियन मॅकपार्टलंड. इंग्लंडहून आलेली, गोरी, पियानो वाजवणारी. तिच्याविषयी एका नावाजलेल्या समीक्षकानं लिहिलं होतं की हिचं काही खरं नाही, कारण एक तर ही इंग्रज, दुसरं गोरी, तिसरं बाई. ती हे वाक्य पुढे आयुष्यभर हसत सांगायची.

मेरी लू आणि मॅरियन फोटोत पुढेच उभ्या आहेत, आणि त्यांच्या जवळच मंक. यामागे एक गोष्ट आहे. त्या दिवशी त्याला घ्यायला गाडी गेली, तर हा कपडे ठरवण्यात अडकलेला. शेवटी फिकट रंगाचा कोट घातला. सोबत्यानं नंतर सांगितलं की बाकीचे गडद कपड्यांत येतील असा त्याचा हिशेब होता, आणि बायांशेजारी उभं राहिलं की बघणाऱ्याची नजर तिकडे जाईल हाही. मला आधी हसू आलं. मग वाटलं, ज्याला सहा वर्षं कार्डावाचून लपून राहावं लागलं, त्यानं दिसण्याची एवढी काळजी घेतली तर काय नवल. आणि पुढचं ऐका. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे फोटोनंतर दोनच महिन्यांनी, डेलावेअर राज्यात वाटेत गाडी थांबवून पोलिसांनी त्याला मारलं. हातांवर मारलं, पियानो वाजवणाऱ्या हातांवर. कार्ड पुन्हा गेलं. फोटो छापून आला जानेवारी १९५९ च्या अंकात. एका चांगल्या फोटोनं माणसाला संरक्षण मिळतं असं समजायचं कारण नाही.

तिघीच का, हा प्रश्न उरतोच. बिली हॉलिडे आणि एला फिट्झजेराल्ड तिथे नाहीत, तसे लुई आर्मस्ट्राँग आणि ड्यूक एलिंग्टन हे पुरुषही नाहीत. पण फुंकून वाजवायचं वाद्य हाती धरणारी एकही बाई त्यात नसावी हे खटकतं. मेल्बा लिस्टन ही त्या काळची नामांकित ट्रॉम्बोनवाली. गिलेस्पीच्याच बँडमध्ये तिनं वाजवलं होतं. ती फोटोत नाही. स्वीटहार्ट्सपैकी कुणी नाही. जॅझचं एकच चित्र आठवणीत राहणार आणि त्यात पियानोवाल्या दोन आणि गाणारी एक एवढ्याच बाया, तर पुढच्या पिढीची मुलगी ट्रम्पेट मागताना बिचकणारच.

तरीही एक गोष्ट मला या फोटोची फार आवडते. त्या सत्तावन्न जणांपैकी प्रत्येकाचं नाव आज माहीत आहे. कोण कुठे उभा, सगळं. आमच्या प्रभागात अहवालाच्या फोटोखाली मी आता 'डावीकडून' असं लिहून एकेकीचं नाव घालते, आडनावासकट. जागा पुरत नाही अशी तक्रार येते. मग पाहुण्यांचे हुद्दे कमी करा म्हणते.

त्या सकाळी तिथे आणखी एक बाई होती, जी फोटोत नाही. मोना हिंटन. तिचा नवरा मिल्ट हिंटन बास हे मोठं तंतुवाद्य वाजवायचा आणि त्याला कॅमेऱ्याचा नाद होता. त्यानं आपला छोटा फिल्मचा कॅमेरा बायकोच्या हातात दिला आणि स्वतः रांगेत उभा राहिला. मोनानं हलती चित्रं टिपली: गळाभेटी, हसणं, रांग न लागणं. तीस-पस्तीस वर्षं ती फिल्म घरात पडून होती. मग जीन बाख नावाच्या बाईला या फोटोवर माहितीपट काढायची इच्छा झाली. ही जीन न्यूयॉर्कमध्ये रेडिओचे कार्यक्रम बनवायची, आपल्यातलीच म्हणा ना. पंचाहत्तरीच्या घरात असताना, १९९४ मध्ये, तिनं तो माहितीपट पूर्ण केला आणि त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं. मंकच्या कोटाची गोष्ट आपल्यापर्यंत आली ती त्यामुळेच.

इंग्लंडमध्ये व्हॅल विल्मर नावाची मुलगी सतराव्या वर्षापासून जॅझच्या मासिकांत लिहायला लागली, मग फोटोही काढायला लागली. इतरांचे कॅमेरे रंगमंचासमोर, हिचा कॅमेरा वादकांच्या स्वयंपाकघरातही. १९७७ मध्ये तिचं पुस्तक आलं, त्यात तिनं वादकांच्या बायकांचंही लिहिलं. नवरा मैफल करतो, मिळकत कधी आहे कधी नाही, घरभाडं भरते ती नोकरी करणारी बायको. संगीताच्या इतिहासात हे कुणी लिहीत नव्हतं. १९८३ मध्ये विल्मर आणि तिच्या मैत्रिणींनी लंडनमध्ये 'फॉरमॅट' ही फक्त बायांची छायाचित्र संस्था काढली.

हार्लेमच्या त्याच पायऱ्यांवर १९९८ मध्ये पुन्हा गर्दी झाली. या वेळी बोलावणारं खरोखर संगीताचं मासिक होतं, 'एक्सएक्सएल', हिप-हॉप संगीताचं. हिप-हॉप म्हणजे ठेक्यावर झपाझप बोलून गायचं, आपली पोरं मोबाइलवर ऐकतात ते रॅप. त्या तरुणांचं वर्तमानपत्रांतलं चित्र बंदुकीशिवाय पुरं होत नव्हतं. त्यातच १९९६ आणि १९९७ मध्ये दोन मोठे गायक, टुपाक आणि बिगी, गोळ्या घालून मारले गेले, आणि वेगवेगळ्या शहरांचे गायक एकमेकांचे वैरी अशी हवा झाली. अशा वेळी पावणेदोनशेच्या आसपास गायक-वादक एका गल्लीत शेजारी-शेजारी उभे राहिले. एका घराच्या पायऱ्या पुरल्या नाहीत.

फोटो काढायला आले गॉर्डन पार्क्स, वय ८५. हेही कृष्णवर्णीय, गरिबीतून वर आलेले. १९४२ मध्ये वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेरीत झाडलोट करणाऱ्या एला वॉटसन या बाईचा त्यांनी काढलेला फोटो जगभर गेला: मागे देशाचा झेंडा, हातात झाडू. कॅमेरा काढायच्या आधी ते तिच्याशी बसून बोलले होते, तिचं घर, तिची नातवंडं, सगळं विचारलं होतं. गटाचे फोटो काढायला येणाऱ्यांना हे सांगायला हवं, असं माझ्या मनात फार दिवस आहे.

शेवटी त्या दोघींचं सांगते. १९७८ मध्ये मॅरियन मॅकपार्टलंडनं अमेरिकेच्या सार्वजनिक रेडिओसाठी कार्यक्रम सुरू केला, 'पियानो जॅझ'. पाहुणा आणि ती, दोन पियानो, थोडं बोलायचं, थोडं वाजवायचं. हा कार्यक्रम तिनं तीस वर्षांवर चालवला. पहिल्या भागाला तिनं बोलावलं मेरी लू विल्यम्सला. फोटोतल्या त्या सकाळीनंतर वीस वर्षांनी दोघी माइकसमोर बसल्या. मेरी लू १९८१ मध्ये गेल्या, पण तो कार्यक्रम ऐकायला मिळतो. बोलणं इंग्रजीत आहे, पियानोला भाषा लागत नाही. पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीला मोबाइलवर घेऊन येते. हप्त्यांची नोंद आटोपली की ऐकू.